कपाळावरचा लाल डाग आणि ‘टपोरा’ डोळा

गाडीत रेंज जात असेल, इयरफोन विसरला असेल किंवा घरात कुणाला वाचून दाखवायचं असेल, तर नेहमीप्रमाणे हा आपल्या एपिसोडचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त मधले अडखळणं काढलंय.

आजचा विषय एका दुर्मीळ आजाराचा आहे. नाव अवघड आहे, ते पुढे सांगतो. आधी एक प्रसंग.

जालन्याकडून जिंतूरला जाताना देवगाव फाटा लागतो. सेलूला जायचं असलं की इथून वळायचं. त्या फाट्यावरच आमच्या नात्यातलं एक घर आहे आणि तिथं माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचं बारसं होतं. घरच्यांना विचारून सांगतोय, पण नावं सांगणार नाही. बाळाच्या उजव्या कपाळावर आणि त्याच बाजूच्या वरच्या पापणीवर गडद गुलाबी डाग होता. जांभळाचा रस सांडून वाळावा तसा. कड स्पष्ट, हाताला सपाट.

बारशात त्या डागाचीच चर्चा. एक आज्जी म्हणाल्या, “गिऱ्हाणात काही चिरलं आसंल हिनं. म्या तवाच म्हणले होते, घरात बसून ऱ्हा.” दुसरी म्हणाली, “पोरीची जात हाय माय, लगीन कसं जमायचं?” मग वातावरण हलकं करायला कुणीतरी बोललं, “पन डोळा बघा की, कसा टपोरा हाय!”

बहीण खाली मान घालून बसली होती. मी इंजिनियर, शहाणा माणूस. मोबाईल काढला आणि शोधलं, ‘चेहऱ्यावरचा लाल डाग कसा घालवायचा’. लेझरची माहिती मिळाली. बहिणीला म्हणालो, “काळजी करू नको गं, मोठी झाली की पुण्यात लेझर करू, जाईल डाग.”

त्या खोलीत आम्ही सगळेच चुकलो होतो. आज्जी ग्रहणाबद्दल चुकल्या, मी डागाबद्दल चुकलो. आणि सगळ्यात महाग पडलेली चूक म्हणजे तो ‘टपोरा’ डोळा. बाळाचा एकच डोळा मोठा दिसत होता, आणि आम्ही त्याचं कौतुक करत होतो.

आजाराचं नाव आणि तीन जागा

या आजाराला स्टर्ज-वेबर सिंड्रोम म्हणतात. विल्यम ॲलन स्टर्ज या डॉक्टरांनी १८७९ साली लंडनमध्ये एका साडेसहा वर्षांच्या मुलीची केस डॉक्टरांच्या सभेत मांडली. तिच्या चेहऱ्याच्या एका बाजूला असाच डाग होता, त्या बाजूचा डोळा मोठा झालेला होता, आणि शरीराच्या विरुद्ध बाजूला झटके येत होते. तेव्हा ना सिटी स्कॅन होतं ना एमआरआय. तरी स्टर्ज यांनी अंदाज केला की जे चेहऱ्यावर दिसतंय, तसंच काहीतरी आत मेंदूवरही असणार. अंदाज बरोबर निघाला. पुढे फ्रेडरिक पार्क्स वेबर यांनी १९२२ मध्ये मेंदूतले बदल एक्स-रेवर दाखवले. दोघांचं मिळून नाव झालं.

आजार तीन जागी असतो: त्वचा, डोळा, मेंदू. तिन्हीकडे गडबड एकच, ती म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांची. त्या जास्त रुंद असतात आणि त्यांच्यातून रक्त नीट पुढे सरकत नाही. त्वचेत हे झालं की लाल डाग दिसतो. डोळ्यात झालं की दाब वाढू शकतो. मेंदूवरच्या पातळ आवरणात झालं की त्याखालच्या भागाला रक्त नीट मिळत नाही, आणि आकडी येऊ शकते. प्रत्येक मुलाला तिन्ही असतीलच असं नाही. कुणाला त्वचा आणि मेंदू, कुणाला त्वचा आणि डोळा.

आता आकडे ऐका, म्हणजे घाबरायला नको. चेहऱ्यावरच्या अशा डागाला पोर्ट-वाइन स्टेन म्हणतात. हजार नवजात बाळांमागे साधारण तिघांना शरीरावर कुठे ना कुठे तो असतो. पण स्टर्ज-वेबर सिंड्रोम अंदाजे २० ते ५० हजार जन्मांमागे एका बाळाला होतो. म्हणजे डाग असलेल्या बहुतेक मुलांना हा आजार नसतो. सोव्हिएत युनियनचे शेवटचे अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांच्या डोक्यावरचा तो प्रसिद्ध लाल डाग आठवतोय? असाच जन्मजात डाग. तो घेऊन माणूस एक महासत्ता चालवत होता.

मग कुणाच्या डागाकडे जास्त लक्ष द्यायचं? इथं रंगापेक्षा जागा महत्त्वाची. डाग गालावर, हनुवटीवर, हातावर असेल तर मेंदूचा धोका बराच कमी. कपाळावर असेल, मोठा असेल, किंवा वरच्या पापणीवर उतरला असेल, तर डोळे आणि मेंदू दोन्हीची तपासणी हवी. डाग दोन्ही बाजूंना असेल तर जास्तच.

आणि हो, प्रत्येक लाल डाग पोर्ट-वाइन नसतो. खूप बाळांना दोन भुवयांच्या मध्ये किंवा मानेमागे फिकट गुलाबी ठिपका असतो. चेहऱ्यावरचा तो बहुतेकदा एक-दोन वर्षांत फिका होऊन जातो. दुसरा प्रकार जन्मानंतर काही दिवसांनी उगवतो, फुगतो, स्ट्रॉबेरीसारखा दिसतो आणि मग काही वर्षांत हळूहळू ओसरतो. पोर्ट-वाइन डाग जन्मापासून असतो, आपोआप जात नाही आणि मूल वाढतं तसा वाढतो. कोणता डाग कोणता, हे आपण फोटो बघून ठरवायचं नाही. बालरोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञ बघून सांगतील.

ग्रहणाचा काही संबंध नाही

आता आज्जींच्या बोलण्याकडे येऊ. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण माझ्या बहिणीने तो आरोप कित्येक महिने मनात घेऊन काढला.

२०१३ पर्यंत या आजाराचं मूळ कारण माहीत नव्हतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी एक शोध प्रसिद्ध केला, आणि त्यांची पद्धत वाचून माझ्यातला प्रोग्रॅमर खूश झाला. आमच्या कामात कोडच्या दोन प्रती शेजारी ठेवून फक्त फरक बघायची सोय असते. त्याला आम्ही ‘डिफ’ म्हणतो. त्यांनी तेच केलं, पण माणसावर. तीन रुग्णांच्या शरीरातला आजार असलेला भाग आणि आजार नसलेला भाग, दोन्हीकडचे नमुने घेतले. दोन्हीकडचा पूर्ण जीनोम, म्हणजे साधारण ३०० कोटी अक्षरं, वाचली आणि तुलना केली. फरक सापडला तो जीएनएक्यू नावाच्या एका जनुकात, एका अक्षराचा. मग आणखी रुग्णांचे नमुने तपासले. स्टर्ज-वेबरच्या २६ पैकी २३ रुग्णांच्या नमुन्यांत नेमका तोच बदल निघाला.

एका अक्षराने काय होतं? ते जनुक पेशीतल्या एका बटणासारख्या प्रथिनाची कृती सांगतं. संदेश आला की बटण चालू, काम झालं की बंद. अक्षर बदललं की बटण पूर्ण बंद होत नाही, थोडं थोडं चालूच राहतं. रक्तवाहिन्या घडताना हा संदेश चालू राहिला की त्या नीट घडत नाहीत.

आणि महत्त्वाचं म्हणजे हा बदल आईकडून येत नाही, वडिलांकडूनही नाही. व्हॉट्सॲप फॉरवर्डचं उदाहरण घ्या. एक मेसेज शंभर ग्रुपांमध्ये फिरतोय. मध्येच एका माणसाकडून कॉपी करताना एक अक्षर चुकलं. आता त्याच्याकडून ज्यांना मेसेज गेला, त्या सगळ्यांकडे चुकलेला मेसेज असणार. बाकीच्यांकडे मूळचा, बरोबर. पहिल्यांदा ज्याने लिहिला, त्याची काहीच चूक नाही.

बाळाचंही तसंच. आईबाबांकडून आलेला मेसेज बरोबर होता. गर्भ वाढताना एका पेशीचे दोन, दोनाचे चार होत होते. त्यात एका पेशीत एक अक्षर चुकलं आणि तिच्यापासून झालेल्या पेशींमध्ये तेवढंच उतरलं. म्हणून डाग शरीरभर नसतो, ठरावीक पट्ट्यातच असतो. ही चूक अगदी सुरुवातीला झाली तर त्वचा, डोळा, मेंदू तिन्हीकडे पोहोचते. थोडी उशिरा झाली तर फक्त त्वचेपुरती राहते. संशोधकांचं स्पष्टीकरण हेच आहे. कपाळ, डोळा आणि मेंदूचा मागचा भाग एकत्र का सापडतात, याचंही उत्तर त्यात आहे. गर्भ अगदी लहान असताना हे भाग एकमेकांना चिकटून शेजारी असतात. पुढे मेंदू वाढतो आणि शेजारी दूर जातात.

हे कधी घडतं? गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आठवड्यांत. कित्येकदा आईला दिवस गेलेत हे कळायच्याही आसपास. तिनं काय खाल्लं, काय चिरलं, ग्रहणात बाहेर गेली का, कुणाची दृष्ट लागली का, यातल्या कशाचाही संबंध नाही. आणि साधा विचार करा. ग्रहण लागतं तेव्हा अख्ख्या परभणी जिल्ह्यावर लागतं. त्या दिवशी किती गरोदर बायका भाजी चिरत असतील, शेतात खुरपत असतील? त्या सगळ्यांच्या बाळांना डाग असायला पाहिजे होता. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची मंडळी हेच वर्षानुवर्षं गावोगाव सांगत आली आहेत.

अजून एक. हा बदल पुढच्या पिढीत जात नाही, पुढच्या बाळालाही यामुळे वेगळा धोका नाही. म्हणून ‘दुसरं मूल नको’ किंवा ‘सुनेच्या माहेरचा दोष’ अशी बोलणी सुरू झाली, तर हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवा.

डोळा: ज्याला थांबायला वेळ नाही

आता टपोऱ्या डोळ्याचं सांगतो.

डोळ्यात सतत एक पाणी तयार होत असतं आणि बाहेर जात असतं. बाहेर जायचा रस्ता नीट नसला की आतला दाब वाढतो. त्यालाच काचबिंदू म्हणतात. आपल्याकडे लोकांना वाटतं काचबिंदू म्हाताऱ्यांचा आजार. पण स्टर्ज-वेबरच्या मुलांमध्ये तो जन्मतः किंवा पहिल्या वर्षातही येतो. काहींमध्ये नंतर, शाळेत असताना किंवा मोठेपणी येतो. साधारण डाग ज्या बाजूला, त्याच बाजूच्या डोळ्याला.

मोठ्या माणसाच्या डोळ्याचं बाहेरचं कवच घट्ट असतं. बाळाचं मऊ असतं. आत दाब वाढला की फुग्यासारखा डोळाच मोठा होतो. डॉक्टरी भाषेत याला जे नाव आहे, त्याचा मूळ अर्थ ‘बैलाचा डोळा’ असा आहे. बघणाऱ्याला वाटतं, काय सुंदर पाणीदार डोळा! आत मात्र डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस दाबाखाली मरत असते. ती एकदा मेली की परत जिवंत होत नाही. काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही औषधानं, कोणत्याही ऑपरेशननं परत येत नाही. जी उरली आहे, तेवढीच वाचवता येते.

आमच्या बाळाचं काय झालं? दुसऱ्या महिन्यापासून उजव्या डोळ्यातून पाणी यायचं. उन्हात नेलं की ती डोळा गच्च मिटून घ्यायची, आईच्या खांद्यात तोंड खुपसायची. एका ठिकाणी दाखवलं, तर डोळे आलेत म्हणून ड्रॉप दिले. कित्येक आठवडे ते ड्रॉप चालले. चौथ्या महिन्यात बुबुळ धुरकट दिसायला लागलं तेव्हा मोठ्या डोळ्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी कपाळावरचा डाग बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, “डोळ्याचा दाब याआधी कधी मोजलाय का?”

नव्हता मोजला. कुणी सांगितलंच नव्हतं. ऑपरेशन झालं. डोळा वाचला, नजर काही प्रमाणात वाचली. पूर्ण नाही.

म्हणून ही यादी स्क्रीनशॉट काढून ठेवा. कपाळावर किंवा पापणीवर असा डाग असलेल्या बाळाला यातलं काहीही दिसलं, तर त्याच आठवड्यात डोळ्याच्या डॉक्टरांकडे जायचं:

- एक डोळा दुसऱ्यापेक्षा मोठा दिसणं
- उजेड सहन न होणं, उन्हात डोळा मिटून घेणं
- डोळ्यातून सतत पाणी येणं
- बुबुळ धुरकट किंवा निळसर पांढरट दिसणं

बाळाच्या डोळ्यातून पाणी यायचं साधं कारण म्हणजे अश्रू वाहून नेणारी नळी बंद असणं, आणि ते खूप बाळांना असतं. पण त्यात डोळा मोठा होत नाही, उजेडाचा एवढा त्रास होत नाही. दोन्हीतला फरक डॉक्टरांनीच ठरवायचा.

आणि यातलं काहीच दिसत नसलं तरीही, डाग त्या जागी असेल तर जन्मानंतर लवकरात लवकर एकदा डोळे तपासून घ्यायचेच. आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसं आयुष्यभर. एकदा नॉर्मल आलं म्हणजे सुटलो, असं या आजारात नसतं. लहान बाळ हलतं, रडतं, म्हणून दाब मोजायला कधी कधी थोडा वेळ भूल द्यावी लागते. भूल म्हटलं की घरचे घाबरतात, तपासणी पुढे ढकलतात. भूल देणारे डॉक्टर बाळाला आधी तपासूनच भूल देतात. मनात भीती असेल तर त्यांनाच समोर बसून विचारा, पण तारीख पुढे ढकलू नका.

उपचारांत थेंब असतात, पण लहान बाळांमध्ये बऱ्याचदा ऑपरेशन लागतं, कधी एकापेक्षा जास्त वेळा.

मेंदू: आकडी, आणि कांदा का नको

बाळ सात महिन्यांचं होतं. ताप आला होता. डाव्या हाताला झटके सुरू झाले, मग डावा पाय. डाग उजवीकडे आणि झटके डावीकडे, कारण मेंदूची उजवी बाजू शरीराची डावी बाजू चालवते. स्टर्ज यांनी १८७९ मध्ये हेच पाहिलं होतं.

घरात धावपळ झाली. कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल शोधायला गेलं, कुणी चमचा तोंडात घालायला आणला. हे सगळं आपण लहानपणापासून बघत आलोय. कांद्यानं आकडी थांबत नाही. बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, आणि आपल्याला वाटतं कांद्यानं थांबली. चमच्यानं दात तुटतात, बाळ गुदमरू शकतं.

करायचं ते असं. बाळाला एका कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासात जाणार नाही. अंगावरचे कपडे सैल करायचे. आसपासच्या टणक वस्तू बाजूला करायच्या. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. मोबाईलवर वेळ लावायची. आकडी ५ मिनिटांपेक्षा जास्त चालली, एकापाठोपाठ एक आली, किंवा पहिलीच असेल, तर १०८ ला फोन करायचा. आणि कुणीतरी एकानं व्हिडिओ काढायचा. वाईट वाटेल, पण डॉक्टरांना त्या व्हिडिओतून जे कळतं ते आपल्या दहा मिनिटांच्या वर्णनातून कळत नाही. आमच्या बहिणीने काढला होता. मेंदूच्या डॉक्टरांनी तो तीनदा बघितला.

लहान बाळाची आकडी नेहमी मोठी नसते. एकटक बघत राहणं, एकाच हाताला बारीक झटके, डोळे एका बाजूला खेचले जाणं, अशीही असते. या आजारात ज्यांना आकडी येते, त्यांतल्या बऱ्याच मुलांना ती पहिल्या वर्षातच सुरू होते, आणि ताप हे नेहमीचं निमित्त असतं. म्हणून अशा बाळाला ताप आला की उद्या बघू म्हणायचं नाही.

तपासणीसाठी एमआरआय करतात, तोही शिरेतून एक औषध देऊन. अगदी लहान वयात एमआरआय नॉर्मल आला तरी काही मुलांमध्ये बदल नंतर दिसतात, त्यामुळे कधी करायचा, परत करायचा का, हे मेंदूचे डॉक्टर ठरवतात. पुढे काही मुलांना एका बाजूला अशक्तपणा, डोकेदुखी, शिकायला उशीर असं होऊ शकतं. काहींना होत नाही. डागाचा आकार बघून मुलाचं भविष्य सांगता येत नाही.

आकडीसाठी रोजच्या गोळ्या किंवा औषध असतं. इथं एकच विनंती, औषध मनाने बंद करू नका. दोन महिने आकडी आली नाही म्हणजे औषध काम करतंय, ते आता नको झालंय असं नाही. काही मुलांना डॉक्टर कमी मात्रेत ॲस्पिरिन देतात, पण ते फक्त त्यांच्याच देखरेखीखाली. लहान मुलाला स्वतःहून ॲस्पिरिन देणं धोक्याचं आहे. औषधांनी आकडी अजिबात थांबत नसेल, तर निवडक मुलांमध्ये मेंदूची शस्त्रक्रियाही करतात.

आणि डाग?

मी जिथून सुरुवात केली होती, ते शेवटी. डागासाठी एक खास लेझर असतो, पल्स्ड डाय लेझर. तो रक्तातल्या लाल रंगाला धरून त्या वाहिन्या बंद करतो. एकदा करून भागत नाही, अनेक वेळा करावा लागतो. डाग फिका होतो, बहुतेकदा पूर्ण जात नाही. लहान वयात सुरू केलं तर फायदा जास्त, आणि वय वाढेल तसा डाग जाड होऊ शकतो, म्हणून मोठी झाल्यावर बघू हा माझा सल्लाही चुकीचाच होता. पण लेझरनं डोळ्यावर किंवा मेंदूवर काही फरक पडत नाही. क्रम लक्षात ठेवा: आधी डोळे, मग मेंदू, मग डाग.

आपल्या भागातून जायचं कुठं?

गावात आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी येतात. त्यांना डाग दाखवा, फोनवर तारखेसह फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातूनच, पालघरमधून सुरू झाला. त्याचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येऊन १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करतं. आकडी आणि नजरेचे दोष त्यांच्या यादीत आहेत. तिथून मुलाला पुढच्या रुग्णालयाकडे पाठवता येतं.

फाट्यावरून एसटीनं जालना गाठता येतं, आणि तिथलं श्री गणपती नेत्रालय आपल्या भागाला माहीत आहे. परभणीत जिल्हा रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरला घाटी, नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कुठेही जा, पण आधी फोन करून नेमका प्रश्न विचारा: लहान बाळाचा काचबिंदू बघणारे डॉक्टर कोणत्या वारी असतात? नाहीतर दिवसाची मजुरी आणि भाडं दोन्ही जातं. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं, ते तोच सांगेल. नजर कमी राहिली तर अपंगत्वाचं प्रमाणपत्र काढून ठेवा, २०१६ च्या कायद्यात अल्पदृष्टीचा समावेश आहे.

डॉक्टरांकडे गेल्यावर घाबरून काही सुचत नाही, म्हणून हे तीन प्रश्न फोनमध्ये लिहून न्या. एक, हा पोर्ट-वाइन डाग आहे का? दोन, डोळ्याचा दाब किती आला आणि पुन्हा कधी मोजायचा? तीन, एमआरआय आणि मेंदूच्या डॉक्टरांची गरज आहे का, आणि कधी?

आमची भाची आता अंगणवाडीत जाते. चष्मा लावते, रोज औषध घेते, दर काही महिन्यांनी तिच्या डोळ्याचा दाब मोजतात. डाव्या हातात थोडा कमी जोर आहे, पण भांडताना तो जाणवत नाही. मागच्या दिवाळीत त्याच आज्जी शेजारच्या नव्या बाळाला बघायला गेल्या होत्या. त्या बाळाच्या भुवयांमध्ये फिकट गुलाबी ठिपका होता. बहुतेक जाणारा असेल. पण आज्जी यावेळी ग्रहणाचं काही बोलल्या नाहीत. त्या पोराच्या आईला म्हणाल्या, “डाक्टरला इचार गं, डोळ्याचा दाब मोजाया लागतो का म्हून.”

त्या बाळाला गरज नव्हती. पण प्रश्न बरोबर होता.

हा एपिसोड तुमच्या गावच्या आशाताईंना, अंगणवाडी ताईंना आणि घरातल्या ग्रुपवर पाठवा. काही चुकलं असेल, विशेषतः तुमच्यापैकी कुणी डॉक्टर किंवा नर्स असाल, तर नक्की कळवा, पुढच्या वेळी दुरुस्ती सांगेन. आणि ही माहिती डॉक्टरांच्या तपासणीऐवजी नाही, तपासणीला जायचं बळ यावं म्हणून आहे.

भेटूया पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या!